एलएम-1 (अपोलो 5), 1:48 : पाय उतरले, अडॅप्टर उभा राहिला

अपोलोच्या चांद्रयानाच्या (एलएम, म्हणजे लुनर मोड्यूल) 1:48 मापाच्या किटमधले चार पाय, त्यांचे तळवे आणि खिडक्यांचे पारदर्शक तुकडे सुट्या भागांच्या डबीत गेले. 22 जानेवारी 1968 ला सॅटर्न 1बी रॉकेटवरून उडालेल्या एलएम-1 ला पाय नव्हतेच. खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे पत्रे होते, कारण डिसेंबर 1967 मध्ये एलएम-5 ची खिडकी दाबचाचणीत फुटली होती. पत्र्यासाठी 0.5 मिमी स्टायरीन (प्लास्टिकची शीट) चौकटीत बसवून कडा पुट्टीने भरा, 600 च्या पॉलिश पेपरने घासा.

पायांबरोबर आउटरिगरही (पाय जोडायचे, यानातून बाहेर आलेले आधार) छाटले जातात, ही नेहमीची चूक. यान अडॅप्टरमध्ये (रॉकेटच्या वरच्या टोकाशी यान ज्यात बसतं ते शंकूसारखं आवरण) याच चार टोकांवर टेकलेलं असतं. ती गेली की आत टेकायला काही उरत नाही.

अडॅप्टर 8.53 मीटर उंच, बुडाशी 6.604 आणि माथ्याशी 3.91 मीटर व्यासाचा. म्हणजे आपल्याकडे 177.7, 137.6 आणि 81.5 मिमी. सपाट कागदावर आखताना बाहेरची त्रिज्या 441.3, आतली 261.4 मिमी, कोन 56.1 अंश. चिकटवायची पट्टी यात धरलेली नाही, 6 मिमी जादा ठेवा. कार्डशीट 300 जीएसएमचं घ्या. पाण्याचा गोंद वापरला तर जोडाची कड ओलाव्याने लाटांसारखी वळते. दोन्ही बाजूंना लावून वाळवायचा रबर गोंद बरा.

वरच्या चार पाकळ्या बिजागरीवर 45 अंश उघड्या. खालचं कडं 44.5 मिमी उंच, त्याच्या माथ्याशी बाहेरचा व्यास 123.5 मिमी. यातून कार्डची जाडी दोनदा वजा करून आउटरिगरची टोकं घासा. हे माप सोडून थेट चिकटवलं की यान एका बाजूला कलतं, मग उलगडणं अवघड.

डिसेंट (उतरण्याच्या) इंजिनाच्या नोझलला काजळी लावू नका. अडॅप्टरमधून निघेपर्यंत ते पेटलेलंच नव्हतं. नंतरही पहिलं ज्वलन 39 सेकंदांचं ठरलं असताना 4 सेकंदांतच थांबलं: टाक्यांमध्ये पूर्ण दाब नसल्यामुळे जोर हळू चढला आणि संगणकाने बिघाड समजून इंजिन बंद केलं. गळतीच्या शंकेने झडप उशिरा उघडायचं ठरलं होतं, सॉफ्टवेअरला मात्र त्याचा पत्ताच नव्हता!

आता माथ्यावर कमांड मोड्यूलऐवजी (अंतराळवीर बसतात तो भाग) नाकाचा शंकू. बूड 81.5 मिमीच, बाकी आकार फोटोंवरून घ्यायचा आहे.