तीन मॉनिटर अपडेट: मेमरी निर्दोष सुटली, चोर घरातलाच निघाला

मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तीन मॉनिटर लावले की काम नसतानाही (आयडलला) ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा वेग, म्हणजे मेमरी क्लॉक, वरच अडकून राहायचा तो प्रश्न मिटला, १७५० मेगाहर्ट्झवरून थेट तळाला आला, पंखे बंद, कार्ड गार, विषय संपला. ते शब्द परत घेते. विषय संपला नव्हता, दबा धरून बसला होता.

चारच दिवसांनी डावीकडचा मॉनिटर पापणी लवावी तसा काळा होऊन परत यायला लागला. कधी दोन तास काही नाही, कधी पाच मिनिटांत तीनदा. आणि एकदा मधल्या १४४ हर्ट्झवाल्यावर (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, बाजूचे दोन्ही ६० वाले), वरच्या बाजूला, हिरव्या-गुलाबी चौकड्यांचा आडवा पट्टा, अर्धा सेकंद, मग गायब. आई मागून जाता जाता म्हणाली, "तुझा कॉम्प्युटर डोळा मारतोय गं." तिला गंमत वाटली, मला घाम फुटला, कारण चौकड्या दिसल्या की आपल्यापैकी कुणाच्याही मनात पहिलं हेच येतं की व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) कामातून चाललं. १९२ बिटचं कार्ड म्हणजे सहा मेमरी चिप, त्यातली एक गचकली तरी उरलेल्या पाचांचा काही उपयोग नाही, आणि चिप बदलणं हे माझ्या सोल्डरिंगच्या लायकीचं काम नाही.

मग तीन संध्याकाळी नेहमीची आरती. सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल) जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला. फरक शून्य. रजिस्ट्रीत ओव्हरलेटेस्टमोड ५ करून एमपीओ (खिडक्यांचे थर कार्डाकडूनच एकत्र करून घ्यायची विंडोजची सोय) बंद केलं, फरक शून्य, परत चालू केलं. ओसीसीटीची व्हीरॅम टेस्ट, स्वच्छ. मेमटेस्ट-व्हल्कन ही दुसरी मेमरी टेस्ट रात्रभर लावून झोपले, सकाळी उठून दात घासायच्या आधी पाहिलं, एकही एरर नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) ४१०१ नंबरची नोंद पण नाही. ड्रायव्हर दोन सेकंद गप्प बसला की विंडोज त्याला उठवतं आणि ती नोंद टाकतं, म्हणजे ड्रायव्हर मेलाच नव्हता.

मधेच एक जण म्हणाला तीन मॉनिटर लावलेस म्हणून व्हीरॅम भरतंय. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा हिशोब मांडूनच टाकते. बाजूच्या १०८० वाल्या मॉनिटरच्या एका फ्रेमला एका पिक्सेलचे ४ बाइट धरून साधारण ८ एमबी, मधल्या १४४० वाल्याच्या फ्रेमला १४ च्या आसपास. तिन्ही मिळून ३०, प्रत्येकाचे तीन-तीन बफर धरले तरी ९०. ६ जीबीत ९० एमबी म्हणजे चिल्लर. माझं आयडलला जे दीड जीबी दिसत होतं ते ब्राउझरचं, आणि त्या हलत्या वॉलपेपरचं, जो मी तेव्हाच उडवला.

खरा धागा गुरुवारी हाती लागला. सलग तीन तास गेम खेळले, एकदाही पापणी लवली नाही. गेम बंद केला, डेस्कटॉपवर आले, आणि दहा सेकंदांत टप्प. खराब मेमरी लोडखाली रडते, माझी निवांत बसली की रडत होती! मग जीपीयू-झेडचा (कार्डाचे आकडे दाखवणारं टूल) लॉग फाइलमध्ये चालू केला, हातात फोनचं स्टॉपवॉच, आणि डावीकडचा काळा झाला की लॅप दाबायचा. भिंतीवरच्या पालीकडे टक लावून बसावं तशी पाऊण तास बसले. नऊ लॅप मिळाले, आणि त्यातले सात बरोब्बर त्या ओळींवर जिथे मेमरी क्लॉक वर जात होता किंवा खाली येत होता. त्या रात्री जे समाधान मिळालं ना, त्याला तोड नाही.

म्हणजे पाप माझंच. सगळ्यांना माहीत आहे पण तरी लिहिते: मेमरीचा वेग बदलताना क्षणभर तिच्यातून चित्र वाचता येत नाही, म्हणून तो बदल दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या वेळात, म्हणजे ब्लँकिंगमध्ये, उरकायचा असतो. माझ्या १४४ वाल्याच्या मूळ टायमिंगमध्ये एकूण १४८१ ओळी, म्हणजे दिसणाऱ्या १४४० सोडून फक्त ४१ रिकाम्या, वेळ जेमतेम ०.१९ मिलिसेकंद. तेवढ्यात मावत नाही म्हणून ड्रायव्हर शहाण्यासारखा क्लॉक वरच ठेवायचा. मी मागच्या वेळी शहाणपणा करून सीआरयूमध्ये (मॉनिटरचं टायमिंग बदलणारं टूल) ओळी १५४३ केल्या, रिकामा वेळ ०.४६ वर गेला, ड्रायव्हर म्हणाला चला, आता जागा आहे, आणि क्लॉक खाली आणायला लागला. पण जागा एका मॉनिटरपुरती होती! तिन्ही मॉनिटरचं ब्लँकिंग एकाच वेळी यायला हवं, आणि माझ्याकडे मधला १४४, उजवा ६०, आणि डावा, हे मला आत्ता कळलं, ५९.९४. सेटिंगमध्ये मी आकड्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. ०.०६ चा फरक म्हणजे डावा-उजवा साधारण १६-१७ सेकंदांनी एकदा जुळणार आणि लगेच सुटणार. नेमका तेव्हा क्लॉक बदलला तर कुणाला कळतही नाही, नाहीतर टप्प. म्हणून ते इतकं लहरी वाटत होतं. निदान माझा तर्क तरी हा.

मग डावा ६० वर आणला, मधला १२० वर, एकूण ओळी १५२५. पूर्वी संध्याकाळी डझनभर वेळा व्हायचं ते दोनवर आलं. पण दोन म्हणजे शून्य नव्हे, कारण आकडा सारखा असला तरी तिघांचा ठेका एकाच क्षणी सुरू होत नाही. शिवाय १४४ वरून १२० वर आलं की माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. लोक म्हणतात फरक कळत नाही. मला कळतो.

इथपर्यंत लिहून पुढे लिहिणार होते की आता ओळी परत मूळच्या करते, क्लॉक वर राहू दे, आयडलला २० वॉट जास्त जाऊ देत. पण हे टाइप करता करताच डोक्यात आलं की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे आणि मदरबोर्डच्या मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही धूळ खात पडलेत. दोन्ही ६० वाले तिकडे हलवले तर कार्डाला एकच मॉनिटर सांभाळायचाय, मग कुणाशी जुळवायचं? थांबा, बघून येते.

आले, दोन दिवस चालवून बघून. बायोसमध्ये मल्टी-मॉनिटर नावाचा पर्याय चालू करावा लागला, नाहीतर कार्ड लावलेलं असताना आतलं ग्राफिक्स बंदच राहतं. डावा एचडीएमआयवर पहिल्या झटक्यात आला. उजव्याला फक्त डीव्हीआय, त्याला डिस्प्लेपोर्टचं अडॅप्टर हवं, ते ड्रॉवरमधून काढलं आणि पीसी चालूच होईना. पंखे फिरतात, बीप नाही, काही नाही. अर्ध्या तासाने लक्षात आलं की अडॅप्टर बिचारं ठीक होतं, त्याच गडबडीत मी मधल्याला ती जुनी फुकटात आलेली डिस्प्लेपोर्ट केबल लावली होती, विसाव्या पिनची वायर दोन्ही टोकांना जोडलेली, म्हणजे मॉनिटरच उलटा कार्डात ३.३ व्होल्ट ढकलणार. साध्या केबलमध्ये ती पिन जोडायचीच नसते, तरी स्वस्तातल्या केबलवाले जोडतात. कात्रीने दोन तुकडे करून टाकली, म्हणजे परत मोह नको.

आता मधला १४४ वर, ओळी १५४३, क्लॉक तळाला, कार्डाचे पंखे थांबलेले. परवापासून, म्हणजे दोन पूर्ण संध्याकाळी, एकही टप्प नाही. लॉग चालूच ठेवलाय, क्लॉक दिवसभर वरखाली होतोय आणि स्क्रीन ढिम्म.

फुकट काही नाही म्हणा. व्हिडिओ चालू असलेली खिडकी मधल्यावरून डावीकडे ओढली की अडखळते, कारण फ्रेम एका ग्राफिक्सकडून दुसऱ्याकडे कॉपी होऊन जातेय. त्याचं मला फारसं काही नाही, डावीकडे माझं चॅट आणि लॉगच असतात. जास्त डोक्यात जातंय ते दुसरंच: स्लीपमधून उठताना तो डीव्हीआयवाला इतका उशिरा जागा होतो की तोवर त्याच्यावरच्या सगळ्या खिडक्या मधल्यावर येऊन एकावर एक पडलेल्या असतात, आणि विंडोजच्या जागा लक्षात ठेवण्याच्या सेटिंगला टिक असूनही त्या परत जात नाहीत. अडॅप्टर बदलून बघते, नाहीतर त्याचं स्लीपच बंद. कुणी हे सोडवलं असेल तर सांगा.