पश्चिमेची भिंत

गेले काही महिने पुण्यातल्या एका जुन्या शैक्षणिक आवारात प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांसाठी तीन मजली निवासस्थानांचा आराखडा करतो आहे. शेजारीच काळ्या दगडात बांधलेली, वारसा यादीतली इमारत असल्यामुळे नव्या बांधकामाची उंची, छपराचा उतार आणि दर्शनी भाग यांवर बंधने आहेत. ही बंधने पाळून वीज कशी वाचवणार, असे पहिल्याच बैठकीत विचारले गेले. मला मात्र ही बंधने अडचणीची वाटत नाहीत, कारण खोल व्हरांडा, जाड भिंत आणि उतरते कौलारू छप्पर ही इथल्या उन्हापावसातूनच आलेली आहेत.

पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेला कलून क्षितिजापासून ४८ अंशांवरच राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दिला, की मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत माध्यान्हीचे ऊन काचेला लागत नाही आणि थंडीत ते खिडकीच्या खालच्या भागातून घरात येते.

खरी काळजी पश्चिमेची आहे. तिकडून येणारे तिरपे ऊन कोणत्याही छज्ज्याला जुमानत नाही आणि तापलेली भिंत माणसे झोपायला जातात तेव्हा उष्णता आत सोडते. म्हणून जिना, न्हाणीघरे आणि अडगळीच्या खोल्या मी पश्चिमेला नेल्या व निजायच्या खोल्या पूर्वेला आणि उत्तरेला घेतल्या. निवासी इमारतींमधल्या ऊर्जाबचतीसाठी केलेल्या २०१८ च्या इको-निवास संहितेने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला आपल्याकडच्या हवामानासाठी दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आहे. ती गाठताना महागड्या काचेपेक्षा खोल्यांची ही मांडणी अधिक उपयोगी पडते.

एप्रिलमध्येही पुण्याची रात्र बरीच निवते. पेठांमधल्या वाड्यांचे चौक ती गार हवा घरात घेत असत. आमच्या घरांनाही दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, पण गज आणि डासांची जाळी नसेल तर तळमजल्यावरचे कुटुंब या खिडक्या रात्री बंदच ठेवणार. खर्च कमी करताना हीच जाळी आधी वगळली जाते, याचे मला फार वाईट वाटते. निवासस्थान बांधते संस्था आणि विजेचे बिल भरतो तिथे राहणारा, त्यामुळे वगळलेल्या जाळीची किंमत त्यालाच पंख्यातून आणि एसीतून चुकवावी लागते. मग त्या एसीची बाहेरची पेटी नेमकी दगडी इमारतीसमोर लटकते आणि वारसा समितीचा आक्षेप येतो तोही त्याच्याच माथी.

सोलर पॅनेल आणि पाणी तापवण्याची सामायिक यंत्रणा जिन्याच्या सपाट गच्चीवर, कठड्याच्या आड बसवली आहे. पश्चिमेला चिंचेची दोन जुनी झाडे आहेत. ती राहावीत म्हणून इमारत आठ फूट मागे घेतलेला नवा नकाशा पुढच्या आठवड्यात समितीसमोर ठेवणार आहे.