रडणाऱ्या बायांना बोलवा

बी.डी.ला, म्हणजे पाळक (चर्चचा धर्मगुरू) होण्यासाठीच्या ईश्वरविज्ञानाच्या पदवीला, आल्यापासून घरी फोन केला की आईचा एक प्रश्न ठरलेला असतो, "उपदेश करायला नीट शिकवतात ना गं?" शिकवतात. उपदेशशास्त्र आहे, मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास आहे, हिब्रू आणि ग्रीक आहे. आमची पदवी देणाऱ्या सेरामपूर सिनेटचे पेपर जवळ आले की हॉस्टेलमधले दिवे मध्यरात्रीनंतरही चालूच असतात. पण पाळक होण्यासाठी जे काही शिकतेय त्यात सगळ्यात मोलाचं काय, असं कुणी विचारलं तर मी विलापाचं नाव घेईन. देवासमोर रडायचं कसं, रडणाऱ्याजवळ बसायचं कसं, आणि तिथं तोंड कधी उघडायचं नाही.

आमच्या नगर जिल्ह्यात मयत झाली की बायका मोठ्यानं रडतात. नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाचं एकेक आठवून सूर धरून बोलतात. कुणाला त्यानं बाजारातून बांगड्या आणल्या होत्या, कुणाच्या लेकराला दवाखान्यात नेलं होतं, सगळं त्या सुरात येतं. ख्रिस्ती वस्तीतही हेच. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं, त्यानंतर पिढ्या गेल्या, सण बदलले, गाणी बदलली, हे रडणं मात्र राहिलं. आणि पुष्कळ ठिकाणी ते अविश्वासाचं लक्षण समजलं जातं. "विश्वासणाऱ्यानं असं रडू नये" म्हणत कुणीतरी वडीलधारं बायांना गप्प करतं आणि वर बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्राचा आधार देतं, १ थेस्सलनी ४:१३.

पण पौल तिथं काय म्हणतो? ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडं जाताना येशू रडला. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात तर सेनाधीश परमेश्वर सांगतो की शोक करणाऱ्या बायांना बोलावून आणा, त्यांनी लवकर येऊन विलाप करावा, म्हणजे आमच्या डोळ्यांतून पाणी वाहील. थोडं पुढं त्या बायांना आज्ञा आहे, हे आपल्या लेकींना शिकवा. म्हणजे ती विद्या होती. माझ्या आजीला ती येत होती, आणि ती आम्हाला शिकवावी असं तिला कुणी कधी सांगितलं नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

हिब्रूच्या तासाला आम्ही बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक वाचलं. यरुशलेम जळून गेलंय, लेकरं भुकेनं रस्त्यात पडलीत, आणि कवीनं काय केलंय तर हिब्रूची बावीस अक्षरं धरून क्रमानं रडलाय. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस कडवी, प्रत्येक कडवं पुढच्या अक्षरानं सुरू होतं. तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन ओळी, म्हणून सहासष्ट. पाचव्यात ओळी बावीसच, पण अक्षरांचा क्रम राहिलेला नाही. मी वहीत उजवीकडून डावीकडं ती अक्षरं लिहीत गेले तेव्हा एक गोष्ट नीट कळली: या माणसाला घाई नाही. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तो काहीही वगळत नाही.

आपल्या सांत्वन सभांमध्ये मात्र आपण थेट तिसऱ्या अध्यायाच्या मध्यावर उडी मारतो. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन तिथलं. वचन खरंच आहे, मी त्यावर जगते. पण ते मध्ये आहे, शेवटी नाही. त्यानंतर कवी पुन्हा रडतो, आणि पुस्तक संपतं ते देवानं आपल्याला कायमचं टाकलं की काय या भीतीवर. यहुदी सभास्थानांत शेवटची ओळ वाचून झाली की तिच्या आधीची, "आम्हाला परत फिरव" ही प्रार्थना पुन्हा म्हणतात. शेवटची ओळ ते गाळत नाहीत, एवढं आपण त्यांच्याकडून घ्यावं. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रच आहे.

गेल्या उन्हाळ्यात मला प्रात्यक्षिकासाठी नेवासे तालुक्यातल्या एका मंडळीत पाठवलं होतं. तिथं विहिरीच्या कामावर यारीचा दोर तुटून एक तरुण मुलगा गेला. दफन झाल्यावर संध्याकाळी मी त्याच्या आईकडं गेले. बाहेर मंडपात माणसं देवाच्या योजनेबद्दल बोलत होती. आत त्या माउलीच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, कामावरून परत आलेला. वरच्या खणात अर्धी भाकरी, खाली लसणाची चटणी. "ताई, त्यानं अर्धीच खाल्ली," एवढंच ती म्हणत होती, परत परत. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. तिनं डबा माझ्या हातात दिला, मी तो बराच वेळ धरून ठेवला. ना प्रार्थना केली, ना वचन वाचलं. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तेवढं त्यांचं बरोबर होतं. नंतर त्यांनी अध्यायच्या अध्याय देवाची बाजू मांडली, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. खरं बोलला तो ईयोब, जो भांडला.

पंडिता रमाबाईंची मला या अभ्यासात फार सोबत वाटते. दुष्काळाच्या त्या वर्षांत आईवडील आणि बहीण गेली, पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. त्या कामाला लागूनच राहिल्या, आणि भाषांतर पुरं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. हिब्रूची क्रियापदं घोकताना कंटाळा आला की मी केडगावचा विचार करते. आम्हाला वर्ग आहेत, कोश आहेत, शिकवणारे आहेत.

येत्या उत्तम शुक्रवारी, बारा ते तीनच्या उपासनेत, वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांपैकी चौथा माझ्याकडं आला आहे: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" येशूनं मरताना २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली. मी ते अख्खं स्तोत्र वाचणार आहे, एकही ओळ न गाळता, आणि त्यावर फार बोलणार नाही. पाळकसाहेबांना विचारून ठेवलंय की त्यानंतर मंडळीतल्या म्हाताऱ्या बायांना पुढं बोलवू का, त्यांना जसं येतं तसं, त्यांच्या सुरात. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलंय. दोघीजणी मात्र आत्ताच तयार आहेत.