तुम्ही विचारलंत म्हणून: एल्फिन्स्टनांची ढाल कोणाची?

मुंबईकर हमखास विचारतात की एल्फिन्स्टन हे आडनाव मूळचं कुठलं आणि त्या घराण्याचं चिन्ह कोणतं. मुंबईला या घराण्यातले दोन गव्हर्नर लाभले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते माउंटस्टुअर्ट (१८१९ ते १८२७), आणि त्यांचे पुतणे जॉन, म्हणजे तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन (१८५३ ते १८६०). आजच्या हॉर्निमन सर्कलला पूर्वी या पुतण्याचं नाव होतं.

आडनाव गावावरून पडलं, आपल्या '-कर' आडनावांसारखं. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या पूर्वेला, ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन हे गाव आजही आहे. १५१० मध्ये अलेक्झांडर एल्फिन्स्टनला लॉर्डपद मिळालं. तीनच वर्षांनी तो फ्लॉडनच्या लढाईत पडला.

घराण्याचं चिन्ह म्हणजे ढालीवर काढलेलं चित्र. एल्फिन्स्टनांची ढाल रुपेरी. मधोमध टोक वर असलेला काळा कोनी पट्टा, त्याच्या वर दोन आणि खाली एक अशी रानडुकराची तीन लाल मुंडकी. मानेची कड फाटल्यासारखी दातेरी हवी. चित्रकार ती सरळ कापलेली काढतात, आणि तिथेच वर्णन चुकतं. नुसती डुकराची मुंडकी पाहून घराणं ठरवू नका, कारण गॉर्डन या दुसऱ्या स्कॉटिश घराण्याच्या निळ्या ढालीवरही तीन मुंडकी आहेत, पण सोनेरी आणि सरळ कापलेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्कॉटलंडमध्ये ढाल आडनावाची नसते, एका माणसाची असते. घराण्याच्या प्रमुखाकडे मूळ ढाल जाते. धाकट्या मुलांनी फरक करून, बहुधा भोवती रंगीत किनार घालून, ती लॉर्ड लायनच्या, म्हणजे ढालींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याच्या, दरबारात नोंदवायची. माउंटस्टुअर्ट अकराव्या लॉर्डांचे चौथे चिरंजीव, त्यामुळे नियमाने मूळ ढाल त्यांची नव्हे. ती पुढे पुतण्याकडे गेली. लॉर्ड लायनची नोंदवही १६७२ च्या कायद्याने चालते आणि परवानगीशिवाय ढाल वापरणं तिथे गुन्हा आहे. 'तुमच्या आडनावाची ढाल' म्हणून दुकानात मिळते ती बहुतेकदा प्रमुखाची असते. ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वंशज असाल आणि ढालीवर हक्क सांगायचा असेल तर जन्म-विवाहाचे दाखले एकेक पिढी मागे जोडत न्या. स्कॉटलंडच्या सरकारी नोंदी १८५५ पासूनच्या आहेत, त्याआधी चर्चच्या वह्या. खरी अडचण तिथे येते: एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, काही वह्यांची पानं गहाळ असतात. एक दुवा तुटला की आडनाव सारखं असूनही हक्क सिद्ध होत नाही, कारण गावावरून पडलेलं नाव रक्ताचं नातं नसलेल्यांकडेही असू शकतं.