२१ सप्टेंबर : प्यायलेल्या दुधाचा हिशेब

१९९५ साली आजच्याच तारखेला, गुरुवारी पहाटे, दिल्लीतून बातमी उठली की गणपती दूध पितोय. दुपार होईस्तोवर देशभर देवळांपुढे रांगा. लंडनमधल्या मंदिरांतही तेच. केंद्राच्या विज्ञान खात्यातल्या मंडळींनी दिल्लीतल्या एका देवळात दुधात रंग घालून ते मूर्तीला पाजलं, तेव्हा चमच्यातून गेलेलं दूध मूर्तीच्या अंगावरून खाली उतरताना दिसलं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, त्यात गर्दी आणि ओली फरशी. एरवी कुणाला काय दिसणार?

प्रयोग आजही दाखवण्यासारखा आहे, पण बरेच जण तो अर्ध्यावर सोडतात. चमचा इतका भरायचा की दूध काठाच्या किंचित वर फुगून राहील. हा फुगवटा पृष्ठताणामुळे टिकतो. मग सोंडेचं टोक फुगवट्याला नुसतं टेकवायचं, चमचा तिळभर कलता ठेवून. दगडाला किंवा पितळेला दूध चिकटतं, म्हणून टोक लागताक्षणी ते तिकडे ओढलं जातं. ओघळ चमच्याच्या खाली उतरला की मागचं दूध आपोआप त्याच्यामागे येतं. चमचा अर्धाच भरला असेल तर काहीच होत नाही. मूर्तीवर तेल-शेंदराचा थर असेल तर दूध पसरत नाही, थेंब होऊन थांबतं. मग ‘या देवाने घेतलं नाही’ अशी कथा तयार!

चमचा रिकामा झाला हे सगळे बघतात; दूध गेलं कुठे, हे मोजायचं राहून जातं. मूर्ती कोरडी पुसून परातीत ठेवा. १०० मिली दूध, म्हणजे साधारण १०३ ग्रॅम, मोजून घ्या आणि चमच्याचमच्याने पाजा. नंतर परातीतलं दूध तोला. थोडं कमी भरेल, आणि इथेच ‘बघा, प्यायला!’ म्हणणारा भेटतो. म्हणून एक कोरडं फडकं आधीच तोलून ठेवायचं, त्याने मूर्ती आणि चमचा पुसायचा आणि फडकं परत तोलायचं. हिशेब जवळपास जुळतो. हेच सगळं चहाच्या कपाच्या कानावरही करून बघावं. तोही पितो.

शाडूची, न भाजलेली मूर्ती मात्र खरोखर दूध शोषते, कारण मातीत बारीक छिद्रं असतात. ‘सगळं खालीच सांडतं’ असं ठासून सांगणारा बुद्धिवादी तिथे तोंडघशी पडतो. तिथे मूर्तीच आधी-नंतर तोलावी लागते. वजन वाढलं, तर दूध मूर्तीत आहे; नाहीसं झालेलं नाही. (रंग न दिलेला शाडूचा गोळा घेतला तरी चालतं. पूजेतली मूर्ती नको. ती विरघळते, आणि भांडण होतं ते वेगळंच.)

आता नास्तिकांची बाजू. परातीत दूध सापडलं म्हणजे देव नाही हे सिद्ध झालं, असा निष्कर्ष त्या परातीतून निघत नाही. तपासला होता तो ‘मूर्ती दूध पिते’ हा दावा. तो पडला, एवढंच. मी नास्तिकच आहे, पण त्याची कारणं दुसरी आहेत. ती या प्रयोगाच्या खात्यावर टाकणं ही लबाडी होईल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देव मानण्याला विरोध नाही, शोषणाला आहे, अशी भूमिका धरली, ती मला तर्काच्या अंगानेही बरोबर वाटते. त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदाही देव आहे की नाही यात पडत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, फसवणं, दहशत बसवणं हा गुन्हा, असं तो म्हणतो.

उलट बाजूची पळवाट मात्र मोठी आहे: ‘परीक्षा घेतली म्हणून देव रुसला.’ यावर नंतर वाद घालून काही हाती लागत नाही. चमचा हातात घेण्याआधीच दोन्ही पक्षांनी कागदावर लिहायचं, परातीत आणि फडक्यात मिळून किती ग्रॅम भरलं तर दावा खोटा मानायचा. विश्वास असलेल्यानेही आकडा लिहायचा, नसलेल्यानेही. आकडा लिहायलाच कुणी तयार नसेल, तर दूध फुकट घालवू नये, चहा करावा.