टोपी आधी उलटी करून बघा

जुन्या लष्करी टोप्या गोळा करायच्या तर आधी बिल्ल्याकडे बघायची सवय मोडावी लागते. बिल्ला काढता येतो, दुसरा लावता येतो, नवाच पाडून घेता येतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो टोपी पुढे करतो तीच बिल्ला आपल्या तोंडासमोर धरून. माझ्या हातात टोपी आली की मी ती उलटी करतो.

पुण्याच्या जुन्या बाजारातल्या माझ्या नेहमीच्या चाचांना ही खोड अजिबात आवडत नाही. "साहेब, माल वरून बघायचा असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या रविवारी त्यांच्याकडे एक खाकी हॅट आली होती, काळ्या पत्र्याच्या डब्यासकट. कॅम्पातला कुठलासा बंगला रिकामा झाला होता, त्यातलं सामान. हॅटच्या कपाळावर पितळी मुकुटाचा बिल्ला होता आणि चाचा जो भाव सांगत होते तो खरं तर त्या बिल्ल्याचाच होता.

तो नखाने थोडा उचलून मागून पाहिला. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या उठावांचे खळगे उमटलेले असतात आणि कडा धारदार असतात. याची पाठ सपाट, वर बारीक छिद्रं, म्हणजे साच्यात ओतलेला. शिवाय या घडणीच्या हॅटवर पुढे बिल्ला सहसा लावतच नसत. हॅटभोवती गुंडाळलेल्या पगडीच्या एका बाजूला रंगीत कापडाचा तुकडा शिवत, तीच पलटणीची खूण. तो तुकडा जागेवर होता. चाचांना तो ठिगळ वाटला असावा. मी म्हटलं, "चाचा, बिल्ला तुम्हीच ठेवा, बाकीचं मला द्या." त्यांना सौदा फायद्याचा वाटला, मलाही वाटला. असे सौदे क्वचित होतात.

घरी आणल्यावर खरं काम सुरू झालं. आपल्याकडे अशा सगळ्या हॅटना सरसकट सोला हॅट म्हणतात, पण ही सोल्याची नव्हती. बंगालच्या पाणथळ भागात उगवणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीच्या गाभ्यापासून केलेली हॅट हातात घेतली तर काही धरलंय असं वाटत नाही. ही त्यापेक्षा जड होती आणि कड जिथे थोडी उसवली होती तिथून बुचाचे दाणे दिसत होते. बुचाची ही घडण वुल्झली या नावाने ओळखली जाते आणि १९००च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात रूढ झाली. कडेच्या खालच्या अंगाला हिरवं कापड होतं, उन्हाची तिरीप डोळ्यांना लागू नये म्हणून. कपाळाचा कातडी पट्टा सांगाड्याला थेट चिकटवलेला नव्हता. मध्ये बुचाचे छोटे तुकडे घालून बोटभर फट ठेवलेली होती. तिथून वारा शिरायचा आणि डोक्यावरच्या पितळी झडपेतून बाहेर पडायचा. उन्हाने गोऱ्या माणसाचा मेंदू बिघडतो अशी त्या काळी डॉक्टरांचीही समजूत होती. काही जण तर पाठीच्या कण्यासाठी वेगळी गादी शिवून घेत. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याने साध्या फेल्टच्या बुश हॅट घालून लढाई मारली, आणि ही सगळी भीती फुकटची होती हे उघड झालं.

आत सरकारी शिक्का कुठेच नव्हता, आणि मला नेमकं तेच हवं होतं. साध्या सैनिकाची टोपी सरकारी भांडारातून यायची. तिच्यावर बाणाची खूण असते, हिंदुस्थानच्या भांडारातली असेल तर बाणासोबत इंग्रजी आय. अधिकारी मात्र आपला गणवेश पदरच्या पैशाने शिवून घेत. त्यामुळे त्यांच्या टोपीत शिक्क्याऐवजी दुकानाचं नाव सापडतं: लंडनचं हॉक्स, कलकत्त्याचं रँकेन, असं काहीतरी. इथे विटलेल्या सोनेरी अक्षरांत 'आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड' होतं, खाली लंडन, बॉम्बे, कलकत्ता. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग मुंबईकरांनी पाहिलेली असते. ती याच मंडळींची. त्यांची कलकत्त्याची शाखा १९०१ची. १९३४ साली कंपनीने नावातून को-ऑपरेटिव्ह सोसायटी काढून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स असं नाव घेतलं. म्हणजे हॅट या दोन सालांच्या मधली.

डब्यावर पांढऱ्या रंगात एका कॅप्टनचं नाव होतं, पुढे इंडियन आर्मी. पण डबा एकाचा आणि हॅट भलत्याचीच, असं या धंद्यात सर्रास चालतं. त्यामुळे डबा हॅटचाच आहे का हे आधी बघावं लागतं. डब्याच्या तळाशी एक रिव्हेट गंजलेला होता. हॅट आत ठेवून हळूहळू फिरवत गेलो तेव्हा कडेच्या कातडी पट्टीवरचा तपकिरी डाग बरोबर त्या रिव्हेटवर येऊन बसला. अनेक वर्षं एकाच जागी टेकून राहिल्याशिवाय असा डाग पडत नाही.

मग नाव शोधायला बसलो. लंडन गॅझेट म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, त्याचे जुने अंक जालावर फुकट बघता येतात, त्यात नेमणुका आणि बढत्या छापलेल्या असतात. शोधताना आडनाव एकटं कधी टाकू नये, सगळी आद्याक्षरं टाकावीत, नाहीतर दहा-बारा सख्खे-चुलत वाटणारे साहेब निघतात आणि रात्र जाते. माझे कॅप्टन सापडले. १९१७मध्ये कॅप्टन, १९३१मध्ये मेजर. डबा रंगवला तेव्हा ते कॅप्टन होते, म्हणजे काळाची चौकट आणखी आवळली. त्यांचं नाव इथे देत नाही, वारस कुठेतरी असतील. निवृत्त होऊन विलायतेला जाणारे बरेच साहेब सुएझ ओलांडल्यावर हॅट बोटीवरून समुद्रात फेकून देत, तशी पद्धतच होती. ही मागे कॅम्पात का राहिली, देव जाणे.

पगडीच्या घड्यांत कसर लागली होती. औषध फवारायचं नाही, डांबरगोळ्याही टाकायच्या नाहीत. हॅट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर ओल धरते, म्हणून पूर्ण एक दिवस तशीच राहू द्यायची. आईने फ्रीझरचं दार उघडलं आणि म्हणाली, "अरे, साहेबाची टोपी माझ्या मटारांवर कशाला?" मटार मावशीकडे गेले. नंतर व्हॅक्युमच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधून, अगदी हळू ओढीवर, मऊ ब्रशने धूळ काढली. कातड्याला तेल लावलं नाही आणि झडपेला ब्रासोही नाही. पॉलिशने पितळ चमकतं खरं, पण त्यावर सोन्याचा मुलामा असेल तर तो फडक्यावर निघून येतो, आणि मग टोपीला हात लावावासा वाटत नाही.

कापडाचा तुकडा तसाच ठेवला आहे. उसवून धुवा, रंग उजळतील, असं एकाने सुचवलं होतं. पण त्याचे टाके मूळचे आहेत.

फोटो पाहून परदेशातल्या एका संग्राहकाने चांगली रक्कम देऊ केली. मी नाही म्हटलं. आपल्याकडच्या १९७२च्या अँटिक्विटीज कायद्यानुसार शंभर वर्षं उलटलेली वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि माझ्या हॅटचं वय नेमकं त्या रेषेच्या आजूबाजूला आहे. पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला आणायचा, तो मिळेल की नाही बघत बसायचं, आणि एवढं करून हॅट गेली की डबा रिकामा. नकोच.

गेल्या आठवड्यात चाचांचा फोन आला. पिसांचा तुरा लावलेली, दोन्ही कडा वर वळवलेली काळी जुनी हॅट आली आहे, तुऱ्यावर धूळ फार आहे, झटकून ठेवू का म्हणाले. मी जवळजवळ ओरडलोच. जुन्या पिसांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक चोळलेलं असू शकतं, आणि फेल्ट घडवताना पारा वापरला जायचा. "चाचा, पिशवीत घाला, तोंड बांधा, आणि साबणाने हात धुवा. बुधवारी मी हातमोजे घेऊन येतो."

"आणि भाव?" चाचांनी विचारलं.

"आधी उलटी करून बघू द्या."