गाडी येणार नसेल तर सांगा, एवढंच म्हणत होतो

आधी एक कामाचं सांगते, बाकी मागून. एस.टी.च्या आगारात कसलाही अर्ज द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका. "ठेवून जा, साहेबांना देतो," असं कुणी म्हणालं की समजा, गेला तो अर्ज. मी पतसंस्थेत नोकरीला आहे. आवक-जावकचं रजिस्टर रोज माझ्याच हातात असतं. बिनशिक्क्याच्या कागदाचं पुढं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. गावाचं आणि आगाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच गाडीनं मला उद्याही कामावर जायचंय. तालुक्याला वेळेत पोचवणारी सकाळची गाडी एकच. तिच्यात कॉलेजची पोरं, अहिल्यादेवी होळकर योजनेच्या मोफत पासवर शाळेला जाणाऱ्या मुली, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं आणि आम्ही नोकरदार. ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून तिकीट नाही, बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं. सवलती चांगल्या आहेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गाडीच आली नाही तर पास काय वडापवाल्याला, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपवाल्याला, दाखवायचा? त्याला रोख पैसे लागतात, आणि तेही पूर्ण.

फेरी रद्द झाली म्हणून आमचं भांडण नव्हतंच. हे आत्ताच ठासून सांगते, कारण तिथं ते शेवटपर्यंत कुणाच्या डोक्यात शिरेना. फेऱ्या रद्द होतात. चालक रजेवर जातो, इंजिन काम काढतं, लांब पल्ल्याची गाडी ऐनवेळी बंद पडली की खेडेगावची गाडी तिकडं लावतात. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, गणपतीत कोकणच्या, हिवाळ्यात शाळांच्या सहली, लग्नसराईत प्रासंगिक करार, म्हणजे भाड्यानं दिलेल्या गाड्या. मान्य. गाड्या काही झाडाला लागत नाहीत. पण सहलीची गाडी रात्रीतून ठरत नाही, आणि आषाढी कधी आहे ते दिनदर्शिकेत वर्षभर आधी छापलेलं असतं. उद्याच्या ड्युट्या आज संध्याकाळी लागतात, म्हणजे कुठल्या फेरीला गाडी नाही हे आगाराला आदल्या दिवशीच कळलेलं असतं. थांब्यावरच्या माणसाला ते कळतं सकाळी, तासभर ताटकळल्यावर, वडाप भरून निघून गेल्यावर. आमची मागणी एका ओळीची होती: गाडी येणार नसेल तर आदल्या संध्याकाळी गावाला कळवा. तिच्या खाली दुसरी ओळ, स्थानकातला वेळापत्रकाचा फलक दुरुस्त करा. त्या फलकावर आमच्या गावापुढं दोन वेळा रंगवलेल्या आहेत. एकीवर पांढरा रंग फासलाय, दुसरी कुणीतरी खिळ्यानं खरवडलीय, आणि जी वेळ खरी आहे ती तिथं नाहीच.

अर्ज झाला, सह्या झाल्या. सह्यांसाठी फिरावं लागलं नाही, थांब्यावरच सगळे भेटतात.

आणि मग ते आवकचं टेबल.

तिथल्या गृहस्थांनी अर्ज हातात घेतला, विषयाची ओळ वाचली आणि विचारलं, "नवीन फेरी पाहिजे का?"

"नाही हो, आहे तीच चांगली आहे."

"मग बंद पडलेली चालू करायची?"

"बंद नाही. कधीमधी येत नाही. येणार नसेल तेव्हा कळवा, असा अर्ज आहे."

"पण मागणी काय आहे, मॅडम?"

"कळवायची."

त्यांनी स्टॅम्पपॅडचं झाकण लावलं. अगदी शांतपणे, दोन्ही अंगठ्यांनी दाबून. "कळवायचा विषय आमच्याकडं येत नाही. चौकशीला विचारा." चौकशीच्या खिडकीवर गेले, तर तिथं म्हणाले, लेखी असेल तर आवकला द्या. परत टेबलावर. आता ते म्हणाले, "ग्रामपंचायतीचा ठराव लागतो." नवीन फेरीला ठराव मागतात हे मला माहीत होतं, त्यात गैर काही नाही, गाडी मागायची आणि बसायला माणसं नाहीत असं होऊ नये. पण फोन करायला ठराव? मी विचारलंसुद्धा. त्यावर उत्तर, "पद्धत आहे."

बरं, ठराव तर ठराव. गावातल्या बायका म्हणाल्या, ग्रामसभेपर्यंत थांबावं लागणार. थांबायचं काही कारण नाही. मासिक सभेत घ्या, आमचा तसाच झाला आणि कुणी हरकत घेतली नाही. खरी गंमत पुढं झाली. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरमध्ये ठरावाचा मजकूर तयार होता, त्यात फक्त गावाचं नाव आणि तारीख भरायची. शिक्का-सहीनिशी कागद माझ्या हातात आला तेव्हा त्यावर लिहिलेलं, "सकाळी ७ वाजता नवीन एस.टी. फेरी सुरू करणेबाबत." कॉम्प्युटरवाल्याला मी म्हटलं, भाऊ, हे नाही मागितलं. तो म्हणाला, "काकू, एस.टी.चा एवढाच नमुना आहे बघा." पुन्हा टाइप, पुन्हा सही, आणि सरपंच नेमके लग्नाला गेलेले. ठराव हातात पडला की तिथंच उभ्या उभ्या वाचा. घरी येऊन वाचाल तर आणखी एक खेप.

दुरुस्त ठराव घेऊन टेबलावर. आता काय अडेल? भारमान अडलं. "यात रोजची प्रवासी संख्या नाही. भारमान कशावरून काढायचं?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडीतल्या एकूण जागांपैकी किती भरल्या त्याचा हिशेब म्हणजे भारमान. फेरी परवडते की नाही ते त्यावर बघतात. आमची फेरी चालूच होती, तिचं भारमान त्यांच्याच तिकीट मशीनमध्ये रोज जमा होत होतं. मी तेच म्हटलं. मागं रांगेत एक पासवाला मुलगा उभा होता, तो हसला, आणि मग त्या गृहस्थांना रागच आला. "मॅडम, आता मोबाइलवर अ‍ॅप आहे, गाडी कुठं आहे ते दिसतं. बघत जा की जरा."

अ‍ॅप मी बघते. निघालेली गाडी कुठंवर आली ते त्यात कळतं, सोयीचं आहे. पण जी गाडी आगारातून निघालीच नाही ती नकाशावर कुठं दिसणार? आणि आमच्या थांब्यावर निम्म्या माणसांकडं बटणाचे फोन.

त्या दिवशीही शिक्का मिळाला नाही. मी तिथंच बाकावर बसले, डबा खाल्ला आणि तीच प्रत घेऊन वरच्या कार्यालयात गेले. तिथं माणूस गोड बोलला, पाणी दिलं, अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "हा तर आगार पातळीवरचा विषय आहे." एवढं ऐकून माझं डोकं जे फिरलं ते परतीच्या गाडीत तिकीट काढतानाही ठिकाणावर नव्हतं. माझ्या टेबलावर येणारा कागद माझ्या अधिकारातला असो-नसो, मी आधी त्यावर क्रमांक टाकते. नाकारायचा तर साहेब नाकारतील, लेखी. घ्यायचाच नाही, म्हणजे नाकारायची सुद्धा जबाबदारी नको.

आमच्या शाखाधिकाऱ्यांनी वाट दाखवली. ते म्हणाले, "अर्ज घेत नाहीत ना? मग माहिती अधिकारात माहिती मागा. तो कागद घ्यावाच लागतो." त्या अर्जाचा नमुना, जोडपत्र अ, भरलं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. विचारलं एवढंच: मागच्या तीन महिन्यांत आमची सकाळची फेरी कोणत्या तारखांना रद्द झाली, कोणत्या कारणानं, आणि रद्द झाल्याचं प्रवाशांना कळवण्याची व्यवस्था काय. हा कागद तेच गृहस्थ निमूट घेतात, क्रमांक टाकतात, शिक्का मारतात! पॅडचं झाकण आज आधीच उघडं होतं.

३० दिवसांची मुदत असते. मुदत संपता संपता पाकीट आलं. तारखा होत्या, तारखांपुढं कारणं होती: चालक उपलब्ध नाही, वाहन नादुरुस्त, शालेय सहल, प्रासंगिक करार. निम्म्याहून जास्त कारणं आदल्या दिवशी ठाऊक असणारी. आणि शेवटच्या प्रश्नापुढं एकच शब्द, "निरंक", म्हणजे काही नाही. मी तो कागद पतसंस्थेत सगळ्यांना दाखवला. इतका आनंद मला बोनसच्या वेळीही झाला नव्हता. इतके दिवस ते तोंडी सांगत होते की असा विषयच नाही. आता सहीशिक्क्यानं लिहून आलं होतं की विषय आहे आणि व्यवस्था नाही.

पुढचं भराभर झालं. प्रवासी राजा दिन म्हणून एक उपक्रम महामंडळानं जुलै २०२४ मध्ये सुरू केला. सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक, म्हणजे आगारांच्या वरचे साहेब, स्वतः एकेका आगारात बसायचे, सकाळी १० ते २ प्रवाशांच्या लेखी तक्रारी ऐकायला. दुपारनंतर कामगारांची पाळी. मला हे फार उशिरा कळलं, तेही वाहतूक नियंत्रकांकडून. प्रवाशांना राजा म्हणायचं आणि दरबार कधी आहे ते त्याला सांगायचं नाही, हेही आमच्या विषयात बसतंच म्हणा. असा दिवस तुमच्या आगारात अजून होतो का, कधी येतोय ते चौकशीच्या खिडकीत नका विचारू, कंट्रोलच्या केबिनमध्ये जाऊन वाहतूक नियंत्रकांना विचारा. आणि १० च्या ठोक्याला जा, मागाहून गर्दी होते.

मी तीन कागद नेले: अर्ज, ठराव, ते निरंकचं उत्तर. साहेबांनी निरंक वाचलं, चष्मा काढला आणि वाहतूक नियंत्रकांना आत बोलावलं. वाहतूक नियंत्रक निवृत्तीला आलेले, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "साहेब, फोन करायला माझी ना नाही. पण करू कुणाला? सरपंच उचलत नाहीत, आणि बाकी कुणाचा नंबर गावानं कधी दिला नाही. ताई, एक माणूस द्या. जो फोन उचलेल आणि चार जणांना सांगेल."

खरं सांगायचं तर त्या सगळ्या खेपांत कामाचा प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. अर्जाच्या मागच्या बाजूला मी तिथंच थांब्यासमोरच्या किराणा दुकानवाल्या अण्णांचा नंबर लिहून दिला. अण्णांना आधी विचारलं नव्हतं, गाडीत बसल्यावर फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय की." दुकानाबाहेर पत्र्याचा काळा फळा आहे, त्यावर ते अंड्यांचा भाव लिहायचे. आता वर भाव आणि खाली गाडी. "उद्या सकाळची गाडी न्हाई", खडूनं, मोठ्या अक्षरात. ज्या दिवशी फोन नसतो त्या दिवशी काहीच लिहीत नाहीत, म्हणजे गाडी आहे. मुली संध्याकाळी दळण आणायला जातात तेव्हा वाचून येतात आणि गल्लीत सांगतात. फळा बघून बापे मोटरसायकलवर कुणाला कोण सोडणार ते रात्रीच ठरवतात. गाडी तेवढ्याच वेळा रद्द होते, पण थांब्यावर शिव्या ऐकू येत नाहीत.

अगदी बिनचूक चालतं असं नाही. पाळी बदलली की निरोप अडकतो. त्यावर उपाय म्हणून मी वाहतूक नियंत्रकांच्या टेबलाच्या काचेखाली आमच्या गावाचं नाव आणि नंबर मोठ्या अक्षरात लिहून सरकवून आले. त्यांनीच जागा करून दिली. तुम्हीही काचेखालीच ठेवा, वहीत लिहिलेलं कोण उघडून बघतंय! निरोप आला नाही आणि गाडीही आली नाही, तर स्थानकात तक्रार पुस्तक मागा आणि तारीख, वेळ, फेरी लिहून या. पुस्तक मागितल्यावर "कशाला, काय झालं?" असं विचारतात. त्यांना सांगत बसू नका, लिहा.

संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरशी वाकडं घेऊ नका. आमच्याकडं काही व्यवस्था नव्हती तेव्हाही हाच माणूस उतरताना हळूच सांगायचा, "उद्या नाय बरं का." त्यांची ड्युटी लागलेली असते, त्यामुळे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. आणि गाडी आली नाही याचा राग दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर काढणारे आमच्यातच आहेत. त्यांना मी गाडीतच गप्प करते.

फलक मात्र तसाच आहे. रंगवायचं मंजूर झालंय, असं समजतं. त्यासाठी वेगळा अर्ज दिलाय, त्याचा आवक क्रमांक माझ्याकडं आहे.

माहितीचा अर्ज करणार असाल तर आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे विषय एकच घ्या आणि मजकूर १५० शब्दांत बसवा, नाहीतर त्याच कारणानं परत येतो. रागाच्या भरात फार लिहिलं जातं. माझा पहिला मसुदा दोन पानं होता, शाखाधिकाऱ्यांनी लाल पेननं निम्मा उडवला. आणि नंबर देताना एक नको, दोन द्या. अण्णांचं दुकान उघडायला ७ वाजतात, आणि गाडी पहाटे बिघडली तर फोन त्याआधीच येतो. दुसरा नंबर आम्ही दूध डेअरीवरच्या पोराचा दिलाय. पहाटे ५ ला गावात तेवढंच शटर वर असतं.